पास झाल्यावरही

येसुल पास होऊन पंधरवडा उलटला होता आणि आजही ती आईशी खोटं बोलून अभ्यासाला निघाली होती.

पोरं सिनेमाला जातात आणि अभ्यासिकेत होतो म्हणून थापा मारतात, ही जगाची रीत. येसुलचं गाडं उलटं. आरशासमोर उभी राहून ती ओठांना रंग लावत होती, केस मोकळे सोडत होती, आणि पिशवीच्या तळाशी प्रशासकीय कायद्याचं विटेएवढं पुस्तक स्कार्फखाली दडवत होती.

"आज कुठं दौरा?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"मत्स्यालय. मैत्रिणी येतायत."

"जा बाई, जा. मासे तरी बघ. पुस्तकं बघून बघून तुझेच डोळे माशासारखे झालेत." आई हसली, मग हात पुसत दारात आली. "आणि ते तांदळाचे तोक वाटायचे कधी? इतकी वर्षं त्या अभ्यासिकेत बसलीस, सरकारी नोकरी काढलीस, आणि तिथं एकाचंही तोंड गोड केलं नाहीस. लोक नावं ठेवतील."

"वाटू गं. घाई काय आहे?"

"तोक शिळे झाले की दगड होतात. आनंदाचंही तसंच असतं."

येसुलनं बूट चढवले आणि पळ काढला.

संध्याकाळी घरी आल्यावर मजा कशी केली ते आईला रंगवून सांगावं लागे. त्यासाठी ती अभ्यासिकेच्या संडासात बसून फोनवर सिनेमांच्या गोष्टी वाचायची. कोण मेलं, कोण रडलं, शेवट काय. दोनदा वाचून पाठ. मजेचाही अभ्यासच.

आराम करून बघितला नव्हता असं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आईनं तिच्यासाठी गादी घातली, नाशपाती कापून ठेवली, टीव्ही लावून दिला आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर निघून गेली. येसुल पडून राहिली. जरा वेळानं छातीत धडधडायला लागलं. गॅस चालू राहिलाय, दार उघडं टाकून आलोय, कुणाचं तरी मूल रस्त्यात विसरलोय, असं काहीतरी. तिनं उठून पडदे धुतले. वाळले तसे परत धुतले. शेवटी जुनी प्रश्नपत्रिका काढून बसली तेव्हा कुठं श्वास जागेवर आला. ज्या परीक्षेत ती पास झाली होती, तिचीच प्रश्नपत्रिका.

ह्याला चिकाटी म्हणणारे पैशाला पासरी मिळतील. चिकाटी नव्हे, खरूज आहे ही. खाजवलं की बरं वाटतं आणि रक्त निघतं. आणि ती पोरांना आपोआप होत नाही, मोठी माणसं लावून देतात. चार तास झोपेल तो पास, पाच तास झोपेल तो नापास, असं दहा-बारा वर्षांच्या लेकरांना शिकवायचं, आणि ती लेकरं तिशीला येऊन झोप विसरली की त्यांना सुट्टीवर जा म्हणून सांगायचं. कुठं जाणार ती? सुट्टीचा रस्ता त्यांना दाखवला होता कुणी?

नोर्‍यांगजिनला म्हणजे क्लासेसच्या वस्तीत उतरलं की येसुलचा जीव भांड्यात पडायचा. स्टेशनच्या नळावर ओठ पुसायचे, केस करकचून बांधायचे. बाहेर सगळी आपली माणसं: ढगळ पँटी, पायात सपाता, पाठीला ओझं, चेहऱ्याला ऊन माहीत नाही. गिंको झाडांची फळं पायाखाली चिरडून रस्ताभर घाण वास सुटलेला, पण नाक वर करून बघायला कुणाला वेळ नाही. क्लासच्या इमारतींवर मास्तरांचे हसरे चेहरे, घराएवढाले. पोरं नापास होतात म्हणून तर त्या इमारतींवर मजले चढतात. हे पाटीवर लिहीत नाहीत.

ह्या सगळ्यात तिचं एकच माणूस होतं, दासोमताई.

दासोमताई ही तिची जेवणाची जोडीदार. इथं एकटं जेवलं की रडू येतं आणि दोस्तांबरोबर जेवलं की दुपार बुडते, म्हणून पोरं जाहिरात लावून जेवणापुरतं माणूस शोधतात. शेजारी बसायचं, जेवायचं, उठायचं. घर, निकाल, प्रेमबीम काढायचं नाही. येसुल आणि दासोमताई अशाच भेटल्या. सहा महिने तर एकमेकींना नावंही ठाऊक नव्हती. मग हळूहळू नियम झिजले. ताई तिशी ओलांडलेली, जिभेची तिखट, केसांत पांढरी बट. कितव्यांदा परीक्षा देतोय ते मोजायचं तिनं सोडून दिलं होतं.

ह्या खेपेलाही ती नापासच झाली. निकालात नुसते क्रमांक लागतात. कुणाचा क्रमांक कुठला ते कुणाला कळत नाही. पडदे दोनदा धुऊन झाल्यावर येसुल अभ्यासिकेत परतली, तेव्हा ताई तिला जिन्यातच भेटली होती. येसुलच्या पाठीवरची पिशवी बघून तिनं तिला घट्ट मिठी मारली.

"तूपण ना गं? बोलू नकोस. काही बोलू नकोस. मला वाटलं, ह्या वेळी मी एकटीच उरले."

येसुल बोलली नाही. बोलू नकोस म्हटल्यावर गप्प बसणं किती सोपं असतं.

तिथंच सांगितलं असतं तर भागलं असतं. पण दोन दिवसांनी गाडीवरचा कपातला भात खाता खाता ताई म्हणाली, "मावशीला नाही म्हणून कळवलं मी."

"कसलं नाही?"

"आंदोंगला तिचं चष्म्याचं दुकान आहे ना. ये आणि सांभाळ म्हणत होती. खोली सोडणार होते मी, खरंच. पण तू परत बसतेस म्हटल्यावर माझ्याही अंगात आलं. चल, अजून एक वर्ष. दोघी मिळून काढू."

तेव्हापासून रोज घरून निघताना ती ठरवायची, आज सांगायचंच. जितके दिवस जातील तितकं ताईचं दुकान दूर जाईल, हेही तिला कळत होतं. आणि रोज ती भात खाऊन, गप्प बसून, खुर्चीत जाऊन बसायची. खुर्चीत बसलं की छाती शांत व्हायची. ताईचं वर्ष जाळून येसुल स्वतःची छाती शेकत होती. ह्याला दुसरं नाव नाही.

आज दुपारी तिनं तोंड उघडलं. "ताई, एक सांगायचं होतं."

"प्रेमात पडलीस?"

"नाही गं."

"मग उद्या सांग. प्रेमात पडली असतीस तर थांबले असते." ताईनं रिकामा कप चुरगळला. "ऊठ. शेजारच्या टेबलावरची घोडी आपल्या आधी जाऊन बसलीय बघ."

दोघी परत आल्या. येसुलनं कानात बोळे घातले आणि मान खाली घातली.

अभ्यासिकेत शांतता अशी की पान जोरात उलटलं तरी तुमच्या टेबलावर चिठ्ठी येऊन चिकटते: कृपया हळू उलटा. त्या शांततेत आधी वास आला. वाफेचा, नव्या तांदळाचा, लाल चवळीचा. येसुलला वाटलं, भास होतोय. मग तिनं वर बघितलं.

दारात आई उभी होती. अंगात लग्नाकार्यातला कोट, हातात दोन मोठे खोके, आणि शेजारी अभ्यासिका चालवणारे प्यो काका कौतुकानं हसत असलेले.

येसुल टेबलाखाली शिरायच्या बेतात होती. पण तिनं फक्त कानातला एक बोळा काढला.

आई कुजबुजत होती, पण पाचशे पोरांचा भात शिजवणाऱ्या बाईची कुजबूज ती. "घे बाबा, गरम आहेत. तूपण घे. पास झाल्याचे तोक आहेत, लाभतात. पुढच्या खेपेला तुझा नंबर."

पास झाल्याचे म्हटल्यावर माना वर झाल्या. हातातली पेनं ठेवून पोरं उठली, रांगेला लागली. कुणी भूक लागली म्हणून नाही, कुणाचं तरी नशीब चावून गिळायला. आणि त्या रांगेत दासोमताई होती.

"घे पोरी," आई म्हणाली. "अगं, किती वाळलीयस. दोन घे. माझी मुलगी इथंच बसायची. येसुल. ओळखत असशील तू."

ताईच्या हातात तोक होता. तिनं आईकडे बघितलं, मग तोकाकडे. मग मान वळवून सावकाश खोलीच्या कोपऱ्याकडे बघितलं.

"ओळखते ना काकू. ती काय, बसलीय तिथं."

आईनं बघितलं. लेक दिसली. ओठ पुसलेले, केस बांधलेले, पुढ्यात पुस्तक.

"येसुल?" आईचा आवाज फाटला. "अगं... मासे?"

"शूऽऽ! बाहेर बोला ना, प्लीज," कुणीतरी म्हणालं. तोंडात तोक होता त्याच्या.

जिन्यात तिघी उभ्या राहिल्या. आधी आईच बोलली.

"कालचा तो सिनेमा?"

"वाचला होता."

"नदीकाठी गेला होतात ते?"

"तेही."

आई पायरीवर बसली. "कामावर सगळ्या बायकांना सांगितलं मी. म्हटलं, माझी पोरगी फिरतेय, हसतेय, सिनेमे बघतेय. त्या म्हणाल्या, नशीब काढलंस." तिनं रिकामा खोका मांडीवर घेतला. "मी तुला काय करून ठेवलं गं?"

येसुलचं लक्ष ताईकडे होतं. ताईनं तोक अजून खाल्ला नव्हता. टाकलाही नव्हता.

"कधी कळलं तुला?" ताईनं विचारलं.

"तू मिठी मारलीस त्याच्या आधी."

"म्हणजे तुला माहीत होतं आणि मी मावशीला..." ताई थांबली. हसली. ते हसू बघण्यापेक्षा थोबाडीत खाल्लेली बरी. "बाई, बाई, बाई. पोट तट्ट भरलेलं, आणि रोज येऊन भिकाऱ्याच्या पंगतीला बसत होतीस. कशाला? मजा बघायला?"

"घरी बसवत नाही ताई. पडलं की धडधडतं. वाटतं, मी काहीतरी चोरलंय."

"चोरलंसच. माझं वर्ष चोरलंस."

"हो."

"हो काय म्हणतेस? भांड ना! काहीतरी कारण दे."

"कारण नाही. इथं बसलं की बरं वाटतं, एवढंच."

ताईनं जिन्याच्या कठड्याला पाठ टेकली आणि हळूहळू खाली सरकत येऊन बसली. राग आला होता, पण राग धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर कधीच संपला होता. ती म्हणाली, "तुला वाटतं मी तुझ्यासाठी थांबले? मीपण तेच. आंदोंगला जाऊन काय करणार? रविवारी दुकान बंद असतं. रविवारी काय करू मी?" तिनं खिशातला फोन काढून येसुलच्या मांडीवर टाकला. "मावशीला लाव. तूच बोल. माझी जीभ रेटणार नाही. थापा मारायची तुला सवय आहेच."

येसुलनं फोन लावला. मावशीनं लगेच उचलला. दासोमची मैत्रीण म्हटल्यावर घाबरली. "काय झालं? आजारी आहे का ती?"

थाप मारता आली असती. येसुलच्या तोंडून निघालं, "नाही. थकलीय. दुकानातली जागा अजून आहे का, विचारतेय."

मावशी म्हणाली, "एका पोराला ठेवलं गं मागच्या आठवड्यात. ती नको म्हणाली म्हणून. पण येऊ दे तिला. दुकानाचं बघू नंतर. नुसती येऊन पड म्हणावं."

फोनमधला आवाज मोठा होता, ताईला सगळं ऐकू गेलं. जागा गेली होती. ती उठली, कपडे झटकले. "पुस्तकं गोळा करून येते," म्हणाली आणि आत गेली.

मायलेकी पायरीवर बसून राहिल्या. ताई येईना. आईनं दोनदा दाराकडे बघितलं. "पळाली का गं मागच्या दारानं?"

"मागचं दार नाही."

येसुल आत गेली. ताईच्या टेबलावर अर्धी पुस्तकं पिशवीत, अर्धी बाहेर. मधे एक प्रश्नपत्रिका उघडी, तिच्यातले सात-आठ प्रश्न सोडवलेले. जाता जाता एवढी एक संपवू, असं वाटलं असणार. आणि त्या कागदावर गाल टेकून दासोमताई झोपली होती. तोंड उघडं. हातात अजून तो तोक, बोटांत रुतलेला.

शेजारच्या मुलीनं नेहमीप्रमाणे तिला पेनानं ढोसायला हात पुढं केला. इथं तेच पुण्यकर्म. झोपलेल्याला उठवेल तोच मित्र.

येसुलनं तिचा हात धरला. "असू दे."

"अहो, पण त्यांची दुपार जाईल."

"जाऊ दे."

त्या मुलीनं वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि कानात बोळे घातले. येसुल ताईच्या टेबलाशेजारी जमिनीवर बसली. जवळ पुस्तक नव्हतं, फोन बाहेर आईकडे. करायला काही म्हणता काही नव्हतं. जरा वेळानं छातीत सुरू झालं, तेच, गॅस, दार, रस्त्यातलं मूल. खोलीभर पानं उलटत होती आणि प्रत्येक पान तिला सोडून पुढं चाललं होतं. उठावं, खुर्ची चार पावलांवर आहे, असं तिला दहादा वाटलं.

ती उठली नाही. ताई घोरायला लागली होती. लवकरच कुणीतरी चिठ्ठी घेऊन येणार होतं, आणि आलं की त्याला काय सांगायचं, ह्याची येसुल मनातल्या मनात जुळवाजुळव करत राहिली.