कापसाच्या खोलीतला आवाज

माझी सून डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे, "आता मिटा हं, चोळू नका," म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं. तिथे तिचा आवाज इतका मऊ असतो, की काही म्हातारी माणसं नंबर लागला तरी डोळे उघडत नाहीत म्हणे. हीच बाई सुट्टीच्या दुपारी माझ्या गाद्यांच्या कारखान्यात उभी राहून जो आवाज काढते, तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा कापूस पिंजायच्या यंत्राचा पट्टा तुटला असं समजून मी बटण बंद करायला धावले. यंत्र बंदच होतं.

"अहो आई, मी आहे," ती माइकमागून म्हणाली. थेंब घालायच्या आवाजात.

या संगीताला डेथ मेटल म्हणतात. त्यातही यांचा प्रकार टेक्निकल, म्हणजे नुसता दणदणाट नाही, प्रत्येक दणक्याचा हिशेब. ही माहिती चिरंजीवांची. ते पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतात आणि जिवासाठी गिटार वाजवतात. गिटारवर त्यांची बोटं चालताना बघितली की वाटतं, लहानपणी याला साधी बुटाची नाडी बांधता येत नव्हती तो हाच का? ड्रमवाला मित्र अंगाने इतका वाळका की सगळे त्याला काडी म्हणतात. आणि गायला माझी सून.

अल्बम करायचा ठरला तेव्हा गाण्यासाठी त्यांना मेलेली खोली हवी होती. म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही अशी. चिरंजीवांनी माझ्या कारखान्यात एक टाळी वाजवली. चहूकडे कापसाचे गठ्ठे, शिवायच्या गाद्या, उशांचे ढीग. टाळी जागच्या जागी विरली.

"आई, तुझी खोली एकदम मेलेली आहे गं!" तो आनंदाने म्हणाला.

"तुझ्या तोंडात साखर पडो," मी म्हटलं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी आमचा एक शिरस्ता पडला. सकाळपासून यंत्र बंद. जमिनीवर पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्याने सगळं पुसायचं, मग तास-दोन तास दार लावून ठेवायचं. हवेतली कापसाची तूस खाली बसली पाहिजे, नाहीतर हिने खोल श्वास घेतला की ठसकाच. दुपारी ती माइकसमोर, मुलगा लॅपटॉपसमोर, दोघांच्या कानांवर हेडफोन. मी कोपऱ्यात गादीला टाके घालत बसायची. कामं थांबत नाहीत, आणि दाभण कापसात शिरताना आवाज करत नाही.

पण मला कुणी हेडफोन दिला नव्हता. त्यामुळे गिटार, ड्रम जे काय असेल ते त्या दोघांच्या कानात. मला ऐकू यायचा तो नुसता तिचा आवाज. बिनखोळीच्या गादीसारखा, आतलं सगळं उघडं. पूर्ण अल्बम मी असाच ऐकला.

सुरुवातीला वाटलं, पोरीला कसला एवढा राग आलाय? माझा तर नाही? मग टाके घालता घालता मी तिच्याकडे नीट बघायला लागले. रागावलेल्या माणसाचे खांदे वर चढतात, हिचे खाली सैल पडलेले. मान मोकळी. हलायचं ते फक्त पोट. एकदा विचारलं, घसा सोलवटत नाही का गं? तर म्हणाली, "खऱ्या स्वरतंतूंवर भार टाकायचाच नाही, अहो आई. त्यांच्या वर आणखी दोन पडदे असतात, ते थरथरवायचे. घसा दुखला म्हणजे माझं काहीतरी चुकलं."

त्या थरथरीतून ती काय काय काढायची! एक आवाज इतका खालचा, की मांडीवरच्या गादीतून मला तो आधी पायांना कळायचा. त्याला मी तळघर म्हणायला लागले. दुसरा वरचा, पातळ, धारदार, ती करवत. आणि मध्ये एक बुडबुड्यांचा, त्याला उकळी. पुढे पुढे तीच विचारायला लागली, "अहो आई, या ओळीला तळघर बरं की उकळी?" मीही जाणकारासारखी मान हलवून सांगायची. तळघरात उतरली तरी ती शब्द चावत नसे. मला सगळ्यात कौतुक तिच्या ळ-चं. भलेभले गुळगुळीत गाणारे ळ-ची वाट लावतात, आणि ही गुरगुरतानासुद्धा 'डोळा' शब्दातला ळ जागेवर ठेवायची.

शब्दही तिचेच. अल्बमचं नाव 'अंधबिंदू'. प्रत्येकाच्या डोळ्यात एक ठिपका असतो म्हणे, तिथे काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही हे आपल्याला कधी कळतही नाही. आठ गाणी, प्रत्येक गाणं एकेका पेशंटचं. एकाला सरळ रेघा वाकड्या दिसतात, एकीला समोर माश्या उडताना दिसतात. शेवटचं गाणं एका माणसाचं, ज्याची नजर कडेकडेने विझत आत येते. शेवटी उरतो गुंडीएवढा उजेड, आणि मग तोही जातो. तो उजेड जातानाची ओळ एका श्वासात, तळघरातून करवतीपर्यंत चढत जाऊन तिथेच संपायची होती. पुढे काही नाही. ड्रम नाही, गिटार नाही, शांतता.

इथेच घोडं पेंड खात होतं.

झालं असं, की अल्बममधलं पहिलं गाणं त्यांनी आधी इंटरनेटवर टाकलं होतं. लोकांनी वाखाणलं. पण खाली एकाने लिहिलं, "हा आवाज कॉम्प्युटरने बनवलाय. बाईच्या घशातून हे निघूच शकत नाही." त्याच्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग. सून हसली, म्हणाली, लिहू देत. पण त्या रात्री ती ताटातलं नुसतं चिवडत बसली, आणि पुढच्या सुट्टीला माइकसमोर उभी राहून म्हणाली, "शेवटचं गाणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग म्हणणार. जोड नाही, कापाकापी नाही, कॉम्प्युटरचा हात नाही. आणि अल्बमवर तसं छापायचं."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. "अगं, सगळे ओळ-ओळ करूनच रेकॉर्ड करतात. जोड कुणाला कळतोय?"

"मला."

विषय संपला. तिला खोटं ठरवणाऱ्यांना तिच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि हे उत्तर दिल्याशिवाय तिला पुढे गाववणार नव्हतं, एवढं मला दिसत होतं.

शेवटची ओळ जिवाच्या कराराने म्हटली की पडदे थकायचे. त्यामुळे ती ओळ दिवसातून एकदाच, हा तिचा नियम. एका सुट्टीला तूस घशात गेली. एका सुट्टीला श्वास आधीच संपला. त्याच्या पुढच्या सुट्टीला गाणं सलग पार पडलं, कुठे डाग नाही. मुलगा उड्या मारायला लागला. ती मात्र संध्याकाळी एवढंच म्हणाली, "ठीक आहे." ठीक आहे हे ती माझ्या भाजीला म्हणते तेव्हा मी समजून जाते.

तरी ते गाणं हाताशी राहिलं. सगळे आवाज एकत्र बसवणाऱ्या मिक्सिंगवाल्याने आता एकच सुट्टी मुदत दिली होती. त्यानंतर जे असेल ते जाणार.

त्या दिवशी काडीही आला होता. उशांच्या ढिगावर हाताची घडी घालून बसला. मी दाभणात दोरा ओवला आणि खाली मान घातली. ती सुरू झाली.

पहिल्या ओळीपासूनच काहीतरी वेगळं होतं. तळघर त्या दिवशी आणखी एक मजला खाली गेलं. त्या माणसाला कडेची खिडकी दिसेनाशी होते, मग बायकोचा खांदा, मग ताटाची कड, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा थोडा अरुंद होत गेला. माझा हात कधी थांबला मला कळलं नाही. शेवटची ओळ आली. ती चढत गेली, उकळीतून वर, करवतीवर, आणि आता उतरेल, आता सावरेल म्हणता म्हणता ती आणखी वर गेली. तिथे करवत तडकली, आणि त्या फटीतून नुसता श्वास बाहेर आला. बारीक, उघडा. तोही विरत चालला. उजेड विझला तो मी बघितला, शप्पथ.

"वा!"

कोण ओरडलं म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"आई!" मुलाने हेडफोन मांडीवर आपटला. "रेकॉर्डिंग चालू होतं!"

"अरे… निघून गेलं रे तोंडातून."

गाणाऱ्याने जीव ओतला की ऐकणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आमच्याकडे गप्प बसलं तर गाणाऱ्याला वाटतं, लोक झोपले. पण हे सांगून काय उपयोग होता? मेलेल्या खोलीत तेवढी एकच गोष्ट जिवंत निघाली, ती म्हणजे माझं तोंड. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सून खाली बसून कोमट पाणी पीत होती. त्या ओळीनंतर ती संध्याकाळपर्यंत बोलत नाही, त्यामुळे रागावली की काय तेही कळेना.

"मी पुसून टाकतो तेवढं," मुलगा म्हणाला. "श्वासावर चढलंय, पण सॉफ्टवेअरने निघेल."

तिने मान हलवली. नाही.

"मी शेवटी एक झांज हाणू का?" काडी म्हणाला. "काकूंचा वा तिच्याखाली झाकला जाईल."

तिने मोबाइलवर टाइप करून त्याच्यापुढे धरलं. 'माणूस आंधळा झाल्यावर झांज कोण वाजवतं?' मग पुन्हा टाइप केलं आणि या वेळी मोबाइल माझ्यापुढे आला. 'अहो आई, मागच्या वेळचं की आजचं? तुम्ही सांगा.'

"मी काय सांगू? मी तर गुन्हेगार."

तिने उठून स्वतःचा हेडफोन माझ्या कानांवर चढवला, केस नीट सारून.

आधी मागच्या वेळचं ऐकलं, वाद्यं बंद ठेवून नुसता तिचा आवाज. स्वच्छ, एकेक शब्द जागेवर. पण शेवटच्या ओळीला तिने श्वास राखून ठेवला होता. अंधारात जिना उतरताना आपण पायरी चाचपतो, तशी ती वर चढली होती. मग आजचं लावलं. तोच चढ, तीच तडक, तो उघडा श्वास, आणि त्याच्या शेपटीवर भांडं पडल्यासारखी मी.

मागचंच घ्या, हे शब्द माझ्या ओठांवर तयार होते. माझा तो चिरका आवाज गावभर ऐकू जाणार, ओळखीची माणसं हसणार. तिने हूं की चूं केलं नसतं. मी तिच्याकडे बघितलं. हनुवटीवर पाण्याचा थेंब तसाच, पुसायचं भान नाही, आणि नजर माझ्या तोंडावर.

"मागच्या वेळी तू जपून गायलीस, पोरी," मी म्हटलं. "आज नाही जपलंस."

"म्हणजे कुठलं?" मुलगा.

"म्हणजे आजचं."

"त्यात तू आहेस, आई!"

"आहे तर आहे. माझं हसं झालं तर होऊ दे. त्यापायी हिचं जाऊ द्यायचं का?"

तिने माझ्या कानांवरून हेडफोन काढला आणि मुलाला बोटाने खूण केली. पाठव.

अल्बम तयार होऊन आला तेव्हा चिरंजीवांनी कारखान्यातच मोठे स्पीकर लावले. सगळं एकत्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिच्या आवाजाचा एकेक टाका मला पाठ होता, आता त्याच्याभोवती बाकीचं भरलेलं. मुलाची गिटार मुंग्यांच्या रांगेसारखी धावायची, मध्येच रांग फुटायची, वाटायचं चुकला, आणि भलत्याच ठिकाणाहून सगळ्या मुंग्या एकदम वारुळात. काडीचे पाय तर माणसाचे नव्हेतच. चाल मोजायला गेले की बोटं अपुरी पडायची, मी मोजायचं सोडलं आणि मग ती आपोआप कळायला लागली. आणि एवढ्या गर्दीत तिचा आवाज कुणाला धक्का न देता बरोबर फटीफटीतून वाट काढत होता. ती ज्या जागी उगाच थांबते असं मला वाटायचं, तिथे काडीचा एक बारीक ठोका तिची वाट बघत बसलेला. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या गाण्याला एकेक वाद्य विझत गेलं, ती एकटी उरली, चढली, तडकली. मग मी. मी पदर तोंडावर घेतला.

"झाकताय कशाला?" सून म्हणाली. "सुरात आहात."

इंटरनेटवर अल्बम गेला आणि आठवड्यात ती मोबाइल घेऊन माझ्याकडे पळत आली. ज्याने कॉम्प्युटर म्हटलं होतं त्यानेच लिहिलं होतं. "मान्य. शेवटचं गाणं दहा वेळा ऐकलं. श्वास आणि तो वा एकमेकांत असे अडकलेत की मध्ये कात्री घालायला जागाच नाही. आवाज खराच आहे. माफी मागतो. पण ती बाई कोण?"

तिने ते मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना 'खराच' वर तिचा तो दवाखान्यातला आवाज जरा हलला. मग तिथेच गठ्ठ्यावर बसून तिने उत्तर लिहिलं. "माझी सासू."

संध्याकाळी काम आवरताना मी विचारलं, काय म्हणतात गं लोक? ती इतकी हसत होती की तिला धड वाचता येईना, म्हणून मोबाइलच माझ्या हातात दिला. खाली ही लांबलचक रांग.

"सासू? काहीही!"

"गाणं खरं आहे ना, मग आता कशाला फेकताय?"

"ताई, तुमच्या आवाजावर पूर्ण विश्वास आहे. पण सासू वा म्हणाली, हे काही पटत नाही."