रामेश्वरची तारीख

यात्रेला जायचं ठरलं की आपल्या घरांत सगळ्यांत आधी काय बघतात? विमानाचं तिकीट? हॉटेल? छे, काहीतरीच! आधी कॅलेंडर बघतात, आणि तेही गुपचूप. घरातल्या पुरुषांना याचा पत्ता नसतो. त्यांना वाटतं, बायका एकादशी शोधताहेत.

कॅनडातल्या किचनरच्या सुमेधानंही तेच केलं. सन दोन हजार दहाचा डिसेंबर. बाहेर ड्राइव्हवेवर वीतभर बर्फ, आणि ही फ्रिजवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहून बोटं मोजतेय. एकवीसला विमान. नाताळ वेलंकणीच्या चर्चला. सत्तावीसला रामेश्वर, मग मदुराई, कन्याकुमारी आणि शेवटी केरळात परुमलाचं चर्च. आणि तिच्या सतरा वर्षांच्या ईशिताची पाळी येणार पंचवीस तारखेच्या आसपास. झालं, माशी शिंकली!

तीन देवळं आणि दोन चर्च अशी ही यात्रा दोन घरांनी मिळून आखली होती. शेजारची शीला कोट्टायमची मल्याळी ख्रिश्चन, पण चेंबूरला वाढलेली, त्यामुळे मराठी फाडफाड बोलायची. इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स होती. तिला परुमलाला जायचं होतं आणि सुमेधाच्या सासूबाईंना, म्हणजे माईंना, रामेश्वरला. दोघींनी ठरवलं की गाडी एकच करू, खर्च निम्मा आणि सोबत दुप्पट. वेलंकणीला काय, सगळेच जातात.

माई त्र्याहत्तर वर्षांच्या. जूनमध्ये साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर लेकाकडे आलेल्या. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका बाबतीत मात्र भलत्या कडक. ईशिताचे चार दिवस असले की त्या तिच्या हातचं पाणी घेत नसत. बोलत काही नसत, पण पोरीला ते कळायचं आणि ती आपली प्लेट उचलून बेसमेंटमध्ये जाऊन बसायची. यात्रेचं ठरलं तेव्हा माई सुमेधाला एवढंच म्हणाल्या होत्या, "पोरीच्या तारखेचं बघून ठेव हो. रामेश्वरला विटाळ चालायचा नाही." रामेश्वरचा र आला की माईंचा चेहरा उतरायचा, हे सुमेधाच्या लक्षात आलं होतं. पण सासूला कारण विचारायची आपल्यात पद्धत कुठे आहे?

मग सुमेधानं औषधांची पिशवी काढली. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक पिशवी असतेच, इंडियातून आणलेल्या पाकिटांनी फुगलेली. त्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची एक स्ट्रिप होती. सुमेधानं स्वतः लग्नात घेतल्या होत्या, वास्तुशांतीला घेतल्या होत्या, दर गणपतीत घेतल्या होत्या. तिला कधी काही झालं नव्हतं. डॉक्टरला कशाला विचारायचं? बाई ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची, पण घरातली ही चूक तिला दिसली नाही. ईशिताची तारीख मागेपुढे व्हायची, म्हणून जोखीम नको असं म्हणत तिनं सोळा तारखेपासूनच गोळ्या सुरू केल्या.

ईशिता कुरकुरली. "आई, धिस इज सो वियर्ड. आय गेट मायग्रेन्स, यू नो दॅट." सुमेधा म्हणाली, आजीसाठी एवढं कर, दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि वर बजावलं, बाबांना सांगू नकोस. पोरगी बिचारी गुणी, तिनं ऐकलं.

रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळी ईशिता जिना उतरता उतरता मध्येच बसली. डावी पोटरी दुखत होती, हाताला गरम लागत होती आणि उजवीपेक्षा सुजलेली दिसत होती. सुमेधाचा नवरा अनिश म्हणाला, काल दोन तास फावड्यानं बर्फ शोव्हल केलास ना, त्यानं झालं असेल. तेवढ्यात सामानाचं वजन कसं वाटून घ्यायचं ते विचारायला शीला आली. तिनं पाय पाहिला, बोटानं दाबला आणि तिचं हसू मावळलं. परवा वीस तासांचं विमान आहे, असा पाय घेऊन बसायचं नाही, आत्ता इमर्जन्सीत चला, म्हणाली. माई जपमाळ घेऊन खिडकीशी बसल्या आणि बाकीचे चौघे गाडीत.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती, शांत होती. तिनं पाय तपासला, प्रवासाचं विचारलं आणि म्हणाली की पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली नाही ना, ते बघावं लागेल. मग विचारलं, काही औषधं चालू आहेत का?

"नो," सुमेधा म्हणाली.

"बर्थ कंट्रोल? एनी हॉर्मोन पिल्स?"

सुमेधाचा पारा चढला. माझ्या मुलीला हे विचारते? शाळेतल्या पोरीला? तिनं ताठ मानेनं सांगितलं, आमच्या घरात तसलं काही नसतं. ईशितानं आईकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

डॉक्टरला राग आला नाही. ती म्हणाली, मी सगळ्यांनाच विचारते, कारण काही हॉर्मोनच्या गोळ्यांनी गाठीचा धोका वाढतो. मायग्रेन असलेल्या मुलीनं तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. एवढं सांगून ती पुढच्या पेशंटकडे गेली.

सुमेधाला पिशवीतली ती स्ट्रिप आठवली. म्हणजे मीच? माझ्या हातानं? रोज दुधाबरोबर? आणि वर डॉक्टरसमोर तोंड वर करून खोटं बोलले! तिला उठून सांगायचं होतं, पण शेजारी अनिश बसला होता. वीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्यासमोर 'पाळी' हा शब्द उच्चारला नव्हता. 'बरं नाहीये' म्हणायची, नाहीतर 'अडचण आहे'. अंगात भिनलेली लाज ती, एका मिनिटात कशी जाणार?

शीला मघापासून तिच्याकडे बघत होती. ती जवळ येऊन बसली आणि हळूच, पण सरळ म्हणाली, "सुमेधा, रामेश्वरला आपण सत्तावीसला आहोत. पोरीची तारीख कधी होती?"

सुमेधाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती उठली, तडक डॉक्टरच्या मागे गेली आणि सगळं सांगून टाकलं. अनिश ऐकत होता, कॉरिडॉर ऐकत होता. होऊ दे काय व्हायचं ते! माझी पोर मोठी की माझी लाज मोठी? डॉक्टरनं गोळीचं नाव लिहून घेतलं, थँक यू म्हणाली आणि ईशिताला अल्ट्रासाउंडसाठी पाठवलं.

त्यानंतरचे दोन तास कुणाच्या वैऱ्यावरही येऊ नयेत. अनिश पहिल्यांदा चिडला, मला का सांगितलं नाहीस म्हणाला. मी कधी विचारलंच नाही, असं मग तो दोनदा म्हणाला.

सुमेधा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, देवाच्या कामासाठीच केलं ना मी, विटाळात देवळात नेऊ नये म्हणून केलं ना. तेव्हा शीलानं तिचा हात धरला.

"ऐक. सुट्टीत कोट्टायमला गेलो की आमच्या चर्चमध्ये आजी आम्हाला त्या दिवसांत मागच्या बाकावर बसवायची. सगळे पुढे जाऊन प्रसाद घ्यायचे, पवित्र भाकरीचा तुकडा. आम्ही मुली बसून राहायचो, आणि अख्ख्या गावाला कळायचं का बसलोय ते. मला वाटायचं, हिंदूंच्या देवाला हे चालत असेल, आमच्याच देवाला का चालत नाही? मग तुमच्याकडे आले आणि बघितलं तर ईशिता बेसमेंटमध्ये! देव दोन, आणि नियम एक. म्हणजे हा नियम देवांनी केलेला नाही, सुमेधा. आपणच केला आणि दोघांच्या नावावर खपवला."

सुमेधानं विचारलं, मग श्रद्धा असलेल्यानं पाळूच नये का?

"ज्या बाईला स्वतःला वाटतं तिनं बाहेर बसावं, हात जोडावेत, कोण अडवतंय? माझी आई पाळी जाईपर्यंत मागच्या बाकावरच बसायची. पण पोरीच्या शरीराला गोळी घालून थांबवायचं, डॉक्टरला न विचारता, आणि कुणाला सांगू नको म्हणायचं, ही कसली श्रद्धा? ही भीती आहे."

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर हसत होती. गाठ नव्हती! पोटरीचा स्नायू ताणला गेला होता, शोव्हल करूनच. बर्फानं शेका, गोळ्या आजच बंद करा, विमानात दर तासाला उठून चाला आणि भरपूर पाणी प्या. जायला हरकत नाही.

रडावं की हसावं सुमेधाला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. ईशितानं तिच्या गळ्यात हात टाकला. "आई, इट्स ओके. आय अॅम ओके," असं म्हणत पोरगीच आईला थोपटत होती. वेळेवर खरं बोलायला मिळालं आणि त्याची किंमत मोजावी लागली नाही, अशी सुटका सगळ्यांना मिळत नाही.

पण घरी माई होत्या. गोळ्या बंद केल्यावर पाळी आपल्या वेळेला, पंचवीस तारखेच्या आसपासच येणार, हे डॉक्टरनं सांगितलंच होतं. म्हणजे रामेश्वरला तिची पाळी असणारच. आता सासूबाईंना सांगायचं कसं? गाडीत अनिश म्हणाला, मी सांगतो. सुमेधा म्हणाली, नको, खोटं मी बोलले, खरंही मीच बोलेन.

चहा ठेवून तिनं अनिश, शीला आणि ईशितासमोरच माईंना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "माई, यापुढे मी तिला गोळी देणार नाही. रामेश्वरला ती आमच्याबरोबर आत येईल, तिला यायचं असेल तर. तुम्हाला चालणार नसेल तर मी तिच्याबरोबर बाहेर थांबेन. पण तिला एकटीला बसवणार नाही."

माईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली.

"तुला वाटलं मी सोवळ्यासाठी म्हणत होते? मी तिच्यासाठी भीत होते गं," त्या म्हणाल्या. "एकसष्ट साली सासू-सासऱ्यांबरोबर रामेश्वरला गेले होते. चोवीस वर्षांची होते. गाडीतच मला पाळी आली. कुणाला सांगायचं? सासऱ्यांनी काशीचं गंगाजल आणलेलं अभिषेकाला. माझ्यापायी सगळ्यांचं दर्शन हुकलं असतं. मी गप्प राहिले आणि आत गेले. अनिशच्या आधी मला एक मुलगी होती. पुढच्या वर्षी ती गेली. आठ महिन्यांची. जुलाबांनी गेली, पण मला ठाऊक होतं का गेली ते. एकोणपन्नास वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही. रामेश्वरला मला माफी मागायला जायचं होतं. आणि ईशितानं तीच चूक करू नये, एवढंच."

आपल्याला एक बहीण होती, हे अनिश पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा ऐकत होता. चहा उतू जायला लागला तेव्हा शीलानं गॅस बंद केला आणि ती माईंच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, "माई, मी नर्स आहे. जुलाबांनी अंगातलं पाणी जातं आणि लहान बाळ त्यानं दगावतं. त्या काळी मीठ-साखरेचं पाणी पाजा, हे सांगायलाही कुणी नव्हतं. बाळ त्यानं गेलं. तुमच्यामुळे नाही."

"देवळात गेले म्हणून नाही?"

"नाही, माई."

"नक्की?" माईंनी हे सुमेधाला विचारलं.

"नक्की," सुमेधा म्हणाली, आणि तिनं सासूला जवळ घेतलं.

माई रडल्या, पोटभर रडल्या. मग तोंड धुऊन आल्या आणि ईशिताला म्हणाल्या, मला तहान लागलीय. ईशितानं पेला भरून दिला. माईंनी तो घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

वाचकहो, एका खोट्या नियमानं या घरात काय काय केलं बघा. एका आईला अर्धं शतक अपराधी ठरवलं, दुसरीला डॉक्टरसमोर खोटं बोलायला लावलं आणि तिसरीला, जी अजून आई व्हायचीय, हॉस्पिटलच्या खाटेवर नेऊन झोपवलं. यात्रेला जरूर जा. देवळात जा, चर्चमध्ये जा. पण पोरीची तारीख कॅलेंडरवर मोजून तिला गोळी देऊ नका, आणि घरातल्या बाईला जे होतं ते घरात मोकळेपणी बोला. लाजेनं लपवलेलं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

सत्तावीस तारखेला रामेश्वरच्या देवळात माईंनी माफी मागितली नाही. नातीचा हात धरून त्या आत गेल्या आणि आपल्या गेलेल्या चिमुरडीचं नाव, जे अठ्ठेचाळीस वर्षांत ओठांवर आलं नव्हतं, देवासमोर मोठ्यानं घेतलं.