मेणाच्या वडीतलं उत्तर

सकाळी नऊलाच साहेबराव महाराजांच्या पत्र्याच्या शेडपुढं शे-दीडशे माणूस जमलं होतं. एक माणूस उघड्या पाठीनं वाकून बसला होता आणि त्याच्या भस्म फासलेल्या पाठीवर तांब्याची पातळ थाळी. ना दोरी, ना कुणाचा हात. चिकटलेली!

"बघा, नीट बघा! कुत्र्याचं इख असंल तवरच धरती. इख उतरलं की आपसूक सुटती," महाराज गरजत होते. "आन ऐका, सुई टोचली की थाळीचा गुण मेला. मंग माझ्या दारात रडत यायचं नाय!"

जरा वेळानं थाळी खण्णकन खाली पडली. बायांनी हात जोडले. पुढचा नंबर प्रेरणाचा होता. माझ्या सहावीच्या वर्गातली मुलगी. पहाटे कुत्र्यानं तिच्या मनगटात दात रोवले होते. तिला घेऊन आली होती तिची आजी, मनकर्णाबाई. याच थाळीनं त्या बाईचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी मारला होता. तिला ते माहीत नव्हतं. माझ्या हातातल्या पाकिटात ते लिहिलेलं होतं.

मी सुदर्शन, सिल्लोडजवळच्या या गावात विज्ञान शिकवतो. आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. जूनमध्ये मनकर्णाबाईंचा शिवराज मला शाळेच्या फाटकाशी भेटला. प्रेरणाचा धाकटा काका, चोवीस वर्षांचा, पिकअप चालवणारा हसरा गडी. पोटरीला कुत्रं चावलेलं. "थाळी लावून आलो सर, एका बैठकीत उतरलं," म्हणाला. मी त्याची थट्टा केली आणि तासाला निघून गेलो. लस घेतलीस का, एवढं विचारलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच्या पोटरीला मुंग्या यायला लागल्या, मग ताप. दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला की घसा आवळायचा. पंख्याच्या वाऱ्यानंही अंग आक्रसायचं. मी तेव्हा प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होतो. घरच्यांनी पुन्हा महाराजांनाच आणलं. आपली थाळी फसली, हे ते कसं कबूल करणार? त्यांनी मिरच्यांची धुरी दिली आणि शेजारच्या घराकडं बोट केलं.

"कुत्र्याचं इख म्या कवाच काढलं. ही करणी हाय! परवा पोराला ताक कुणी पाजलं?"

ताक गोजरबाईंनी दिलं होतं. एकटी राहणारी विधवा, एक म्हैस सांभाळणारी. मनकर्णाबाईंशी तिचा तीस वर्षांचा शेजार. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढलेली.

तिसऱ्या दिवशी शिवराज गेला. ताकातून विष घातलं, अशी भाऊबंदांनी तक्रार दिली, म्हणून शवविच्छेदन झालं. कुत्र्याचा विषय कुणी काढलाच नाही. ते तर 'उतरलं' होतं. पुढं अहवाल आला : विष आढळले नाही.

या एका वाक्यानं गोजरबाई सुटायला हव्या होत्या. महाराजांनी ते वाक्यच उलटं फिरवलं. "डॉक्टरांच्या मशिनीला काय घावलं? कायबी नाय! मंग करणीच की!" गोजरबाईंचं दूध कुणी घेईना. हातपंपावर त्यांची घागर लाथाडली गेली. एकदा अंगणात दगड पडले. मनकर्णाबाई रोज त्यांच्या दाराकडं तोंड करून शिव्याशाप देत.

सप्टेंबरात एकदा मी मनकर्णाबाईंकडं जाऊन बसलो.

"मावशी, शिवराज पाण्याला भ्यायचा का?"

"लई. तांब्या दिसला की वरडायचा."

"आणि जूनमध्ये कुत्रं चावलं होतं, हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"ते कशापायी? ते तर उतरलं व्हतं."

मी बाहेर येऊन झेबाला फोन लावला. बारावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. आता ती डॉक्टर झेबा. जिल्ह्याच्या शहरात, उस्मानपुऱ्यात राहते आणि एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीराच्या तुकड्यांवरून रोग ओळखण्याचं काम करते.

"कुत्रं चावलं होतं? अरे, ये किसीने बतायाच नहीं!" ती ओरडली. "मेंदूचे तुकडे जपून ठेवलेत आमच्याकडं. पोलिसांचं पत्र आण, बघते."

शिवराजच्या चितेची राख केव्हाच थंड झाली होती. पण शवविच्छेदनाच्या वेळी काढलेले मेंदूचे लहान तुकडे फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणाच्या वडीत बसवलेले होते. मी पोलिसांचं पत्र आणल्यावर झेबानं त्या वडीचे केसाहून पातळ काप काढून रंगवले आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पेशींच्या आत गुलाबी, गोल ठिपके दिसत होते.

"ही रेबीजची खूण दिसतेय, पण एवढ्यावर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कापावर एक द्रव्य टाकलंय. ते फक्त रेबीजच्या विषाणूलाच धरतं. विषाणू नसता तर काप कोराच राहिला असता."

तो काप तपकिरी ठिपक्यांनी भरला होता.

"माणूस गेला तरी विषाणूच्या खुणा राहतात, सुदर्शन. ही करणी नाही. रेबीज आहे."

अहवाल घेऊन ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी ती स्वतः गावात आली. मनकर्णाबाईंच्या घराला कुलूप होतं. नातीला घेऊन त्या महाराजांकडं गेल्याचं कळलं, तसे आम्ही धावलो. महाराजांच्या भस्माबद्दल मला शंका होती, म्हणून वाटेत मी शाळेतून आयोडिनची बाटली तेवढी खिशात घातली.

"थांबा!" मी ओरडलो. झेबानं माझ्या हातातल्या पाकिटातून अहवाल काढला आणि सगळ्यांना समजेल अशा मराठीत सांगितला. माणसं पुढं सरकून ऐकू लागली. महाराज मात्र हसले.

"कागद हाय त्यो! डोळ्यापुढं थाळी धरती, त्याचं काय?"

मी सदरा काढला. "मला जन्मात कुत्रं चावलेलं नाही. लावा थाळी."

महाराज हलेनात. तेव्हा गर्दीतून म्हातारे कडुबा पुढं आले. त्यांनी महाराजांच्या वाटीतलं भस्म पाण्यात कालवलं, माझ्या पाठीला फासलं आणि वर थाळी दाबली. थाळी चिकटली.

"आता सरांना कशाचं इख?" कडुबांनी विचारलं.

"जुनं असंल! मागल्या जन्माचं!"

कडुबांनी थाळी ओढून काढली, पुन्हा भस्म फासलं आणि उभ्या जीपच्या दारावर थापली. तिथंही चिकटली.

"आन ह्या जीपला कवा चावलं व्हतं?"

लोक हसले. मी कोरड्या भस्मावर आयोडिनचे दोन थेंब टाकले. राखाडी भस्म काळंनिळं झालं. हाच प्रयोग वर्गात केलेली प्रेरणा मनगट धरून बसली होती, ती एकदम म्हणाली, "सर, पिष्ट! ह्यात पीठ हाय!"

राखेत मैदा मिसळलेला होता. त्याची खळ ओली असेपर्यंत थाळीला धरते, उन्हात वाळली की सोडते. विषाचा काही संबंध नाही.

हसू थांबलं ते मनकर्णाबाईंच्या आवाजानं. त्या झेबाला विचारत होत्या, "बाई, तवाच सुई दिली असती तर वाचला असता माझा शिवराज?"

झेबा म्हणाली, "वेळेत दिली असती तर, जवळजवळ नक्की."

मनकर्णाबाई महाराजांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "माझं लेकरू मरणाच्या दारात व्हतं, आन तू त्याच्या पाठीवर पीठ थापत व्हतास!"

महाराज शेडच्या मागनं पळाले. कुत्रं, साप, विंचू चावल्यावर माणसाला उपचारापासून अडवणं हा जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. आम्ही तक्रार दिली आणि दुपारी पोलिसांनी त्यांना मक्याच्या शेतातून बाहेर काढलं. तोवर प्रेरणाची जखम नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन आम्ही तिला सिल्लोडला नेलं होतं. जखमेत औषध टोचलं, दंडात लस दिली. तिचे पुढचेही डोस वेळेवर झाले. ती रोज शाळेत येते.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई गोजरबाईंच्या दारात गेल्या. "गोजरे, चुकले मी," म्हणाल्या.

आतून उत्तर आलं, "दगड तू मारला नाय. पर हात तरी कुणाचा धरलास?" दार उघडलं नाही. अजूनही उघडलेलं नाही, आणि त्याबद्दल गोजरबाईंना बोल लावण्याचा आम्हाला कुणालाच हक्क नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. कुत्रं चावलं, नुसतं ओरबाडलं, तरी जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस सरकारी दवाखान्यात मिळते. रेबीज एकदा अंगात उठला की डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, हे घडतं कसं? शिवराजला खरं निदान मेल्यावर मिळालं. तुम्ही ते जिवंतपणी मागा.