टेबलाखालची राजधानी

माझा धाकटा भाऊ कधी वेळेवर उठला नाही, म्हणून घरात सगळे त्याला राजे म्हणायचे. "राजे, उठा, दुपार झाली." पुढे हा राजा खरोखरच राज्य करायला लागला, मोबाइलवर. जुन्या काळातलं साम्राज्य उभारायचा एक खेळ आहे. सुरुवातीला नदीकाठी चार झोपड्या मिळतात. मग शेती करा, कोठारं बांधा, तांबं शोधा, घोडी माणसाळवा, शेजाऱ्याशी तह करा नाहीतर त्याच्या उरावर बसा. एक चाल त्याची, मग एक चाल माझी; एका चालीत हव्या तेवढ्या उलाढाली करता येतात. समोरच्याची चाल येईपर्यंत खेळ तसाच थांबून राहतो, मग दिवस जावो की वर्ष. मला हा खेळ त्यानेच शिकवला आणि मी त्यात माठ होते ती माठच राहिले.

गेल्या वर्षी त्याचा संसार मोडला. पाठोपाठ त्याने पोहण्याच्या तलावावरची शिकवण्याची नोकरी सोडली, खोली सोडली आणि दुसऱ्या कुठल्यातरी गावी निघून गेला. कुठल्या, ते कुणालाच सांगितलं नाही. फोन बंद. त्याच्या आधीच्या बायकोलाही मी विचारून आले. तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. आमच्याकडे उरली ती फक्त चाल. सकाळी मी दात घासून येईपर्यंत त्याची चाल आलेली असायची. खेळात दोन ओळी लिहिण्याची सोय आहे. पण मी "कसा आहेस?" लिहिलं, की हा "मेंढ्या वाढल्या" असं उत्तर द्यायचा. मग मी विचारणंच सोडलं. उगाच खोदून विचारलं आणि चालही बंद झाली तर काय करणार होते? एवढ्या भीतीने मी तोंडाला कुलूप घातलं. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, माझ्यासाठी ही केवढी तपश्चर्या होती.

आई माझ्याकडेच राहते. ती रोज चहाचा कप समोर घेऊन बसायची.

"आलं का?"

"आलं."

"काय आलं आज?"

"घोडेस्वार."

"बरं," म्हणायची आणि मग पहिला घोट घ्यायची. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण घोडेस्वार आले म्हणजे लेक उठला, लेकाने हातपाय हलवले, एवढं तिला कळत होतं. आम्हा सगळ्यांनाच तेवढं पुरत होतं, आणि तिथेच आम्ही फसलो.

एका सकाळी चालीबरोबर पाटी आली: राजाने एक शहर भेट म्हणून देऊ केलं आहे, स्वीकार की नकार? मी दोनदा वाचलं. हा माणूस खेळात मूठभर धान्य कधी उसनं द्यायचा नाही. दुष्काळात माझी माणसं मेली तेव्हा मला लिहिलं होतं, "कोठारं आधी बांधायची असतात, ताई." आणि आता आख्खं बंदर देतोय. मी 'स्वीकार' दाबलं. दुसऱ्या दिवशी खाणीचं शहर आलं. मग घोड्यांचं कुरण. मग डोंगरावरचा किल्ला.

माझा नवरा ड्रायव्हिंग शिकवतो. दिवसभर लोकांच्या हाती जीव देऊन बसायचं म्हणजे माणूस एक तर घाबरट होतो नाहीतर विनोदी. तो विनोदी झालाय. "आंधळा मागतो एक डोळा," तो म्हणाला, "आणि तुला तर देवाने चष्म्याचं दुकानच काढून दिलंय." आईला वाटलं, बहिणीची माया दाटून आली. मलाही तसंच वाटलं. आयत्या बिळावर नागोबा होऊन मी त्या शहरांतून मजेत फिरत होते.

मी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून हिरड्यांचे साचे आमच्याकडे येतात आणि मी मेणात एकेक दात बसवते. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हाताला लागलेलं साच्याचं प्लास्टर धुऊन मोबाइल उघडला आणि नव्या शहरांची पाहणी करायला लागले. प्रत्येक कोठार काठोकाठ भरलेलं. तटबंदीची पडझड दुरुस्त केलेली. पाट साफ. सैनिक घरी पाठवलेले, त्यांना जमिनी वाटलेल्या. बंदरात एकही होडी मोडकी नाही. शेवटच्या किल्ल्यात तर त्याने माझ्यासाठी पाण्याची टाकी बांधून ठेवली होती, कारण माझी शहरं नेहमी पाण्यावाचून मरतात.

आधी मला त्याचं कौतुक वाटलं. मग हात थांबला. हा तोच माणूस, ज्याने जन्मात कधी स्वतःची चादर घडी केली नाही. असं झाडून पुसून, नळ बंद आहेत ना बघून, किल्ली शेजारी देऊन माणूस कधी जातो? खोली सोडताना जातो. त्याच्याकडे आता एकच शहर उरलं होतं.

सुट्टी संपून पुन्हा दात बसवायला घेतले होते; मान वर केली तेव्हा मालक समोर उभे होते. "बाई, हे वरचे दोन दात उलटे बसवलेत तुम्ही," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ जिवाचं काहीतरी बरंवाईट करणार आहे. त्यांनी कवळी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "घरी जा."

घरी न जाता मी पोलिसांकडे गेले. नवरा गाडी घेऊन तिथेच आला. टेबलामागचा अधिकारी वाईट नव्हता, त्याने मला खुर्ची दिली.

"धमकी दिली का त्याने? चिठ्ठी, फोन, काही?"

"नाही. तो मला शहरं देतोय."

"कुठली शहरं?"

मी सांगितलं. त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. "सज्ञान माणूस आहे," अधिकारी शेवटी म्हणाला, "पत्ता नाही, फोन नाही. फोटो द्या, माहिती पाठवतो सगळीकडे. पण बाई, कुठे शोधायचं तेवढं तरी सांगा." तेच तर मला ठाऊक नव्हतं. खेळ काढणाऱ्या कंपनीला मी लिहिलं, तर कुणाचीही माहिती देता येत नाही असं ठरावीक उत्तर आलं, खाली मला शुभेच्छा. त्या शुभेच्छा मी त्यांच्या तोंडावर फेकून मारल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी आली: 'टेबलाखाली' हे शहर तुम्हाला भेट म्हणून देऊ केलं आहे. स्वीकार. नकार.

टेबलाखाली ही त्याची राजधानी. लहानपणी आमचं पहिलं साम्राज्य जेवणाच्या टेबलाखाली होतं. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं म्हणजे प्रजा, कोटाची मोठी बटणं म्हणजे सरदार. हरेल त्याने संध्याकाळची भांडी घासायची, हा करार. राजे हरले की रुसायचे आणि टेबलाखाली भिंतीला टेकून बसायचे. जेवायला येत नसत. आई समजूत घालायची, बाबा समजूत घालायचे, आणि तो आणखी आत सरकायचा. गोड बोलणं त्याला सोसायचंच नाही. मोठा झाल्यावरही त्याने प्रत्येक डावात राजधानीला तेच नाव दिलं.

'स्वीकार' दाबलं की त्याच्याकडे काही उरणार नव्हतं. खेळ संपला, चाल संपली. 'नकार' दाबून माझी चाल पाठवली, तर तो उचलून उत्तर देईलच असं कुठे होतं? आणि काहीच दाबलं नाही तर खेळ थांबून राहणार, माझ्या चालीची वाट बघत. मग तो आहे की नाही हे आम्हाला कळणारच नाही. मी मोबाइल हातात धरून उभी राहिले. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"आलं का?" आईने विचारलं.

तिच्यापासून लपवण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. मी सगळं सांगितलं. तिने कप हळूच बाजूला सरकवला, जणू त्याचा धक्का लेकाला लागेल.

नवरा म्हणाला, "लिही ना त्याला. आम्हाला तू हवा आहेस, ये, असं लिही." मी लिहिलं. तीनचार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. वाचून बघितल्या तर त्या बाबांच्या आवाजात ऐकू आल्या, टेबलापाशी वाकून, ये रे राजा, ये रे सोन्या. आणि मला दिसलं, तो आत आत सरकतोय.

"समजूत नाही घालायची," आई म्हणाली. तीही तिथेच पोचली होती, त्याच टेबलापाशी. "तू काय करायचीस तेव्हा?"

मी काय करायचे? मी हात घालून त्याचं सगळ्यांत लाडकं बटण चोरायचे. मग तो किंचाळत बाहेर यायचा, माझी वेणी ओढायचा, आणि त्या भरात जेवूनही घ्यायचा.

हा डाव सुरू झाला तेव्हा आम्ही कायमचा तह केला होता: काही झालं तरी एकमेकांवर हल्ला नाही. राजे तहाला फार मानतात. मी 'नकार' दाबलं. मग तह मोडला. खेळाने तीनतीनदा विचारलं, खात्री आहे का, तुमची अब्रू जाईल. जाऊ दे म्हटलं, शेंडी तुटो की पारंबी तुटो.

आता खरी पंचाईत होती. त्याच्या राजधानीत एकच म्हातारी तुकडी उरली होती, भालेवाल्यांची. माझ्याकडे त्यानेच दिलेल्या घोड्यांवरचं घोडदळ. जरा जोर जास्त झाला, तर शहर पडणार आणि माझ्याच हाताने खेळ संपणार. मारायचं होतं, पण मरू द्यायचं नव्हतं. आणि मी तर माठ. नवऱ्याने मोबाइल टेबलावर धरून ठेवला. "सावकाश," तो म्हणाला, शिकाऊ माणसाला म्हणतो तशा आवाजात. "घाई नाही. ब्रेकवर पाय ठेव." घोडदळ ठेवलं बाजूला. माझ्याकडे गोफणवाल्यांची एक दरिद्री टोळी होती, ती त्यानेच भेट दिलेल्या किल्ल्यातून खाली उतरवली. तटाला हात लावला नाही. बाहेरचं धान्याचं कोठार पेटवलं, त्याने पहिल्यांदा बांधलेलं, ज्याचा त्याला केवढा तोरा. आणि त्याच्या सगळ्या मेंढ्या हाकून आणल्या.

खाली लिहायच्या जागी मी लिहिलं, "मेंढ्या नेल्या. काय करशील?"

आणि चाल पाठवली.

मग काही आलं नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. मला वाटायला लागलं, आपण काय करून बसलो. निघालेल्या माणसाने शेवटचं जे पाहिलं ते हे? बहीण तह मोडते, कोठार जाळते, मेंढ्या पळवते? यापेक्षा ये रे सोन्या बरं होतं. मी नवऱ्यावर ओरडले, मालकांचा फोन आला तर त्यांच्यावर ओरडले. आई जेवली नाही. मीही नाही.

सकाळ झाली. मी दात घासायला गेलेच नाही. आईने चहा केला, कप समोर घेतला आणि काही न विचारता बसून राहिली. विचारायचा धीरच तिला झाला नसणार. चहावर साय धरली. उन्हाचा पट्टा भिंतीवरून टेबलावर उतरला. नवऱ्याने कामावर कळवलं, की आज शिकवणी नाही.

आणि मोबाइल वाजला.

मी उघडला. माझं बंदर जळत होतं. त्याने म्हाताऱ्या भालेवाल्यांना रातोरात डोंगर ओलांडायला लावून मागच्या बाजूने उतरवलं होतं, जिथे मी कधीच पहारा ठेवत नाही. किल्ला गेला. टाकी फोडून माझ्या गोफणवाल्यांना पाण्याबरोबर वाहवून लावलं. होड्या बुडवल्या, कुरण परत घेतलं, एकेक घोडं मोजून. थेट माझ्या राजधानीच्या वेशीपर्यंत तो येऊन ठाकला होता. असं राज्य बुडताना मी आजवर पाहिलं नाही. खाली एवढंच होतं: "चोरटी. मेंढ्या परत कर. आणि भांडी घासायची तयारी ठेव."

मी तिथेच, मोबाइल छातीशी धरून, लहान मुलासारखी रडायला लागले.

आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आलं का गं?" तिने विचारलं. "काय आलं?"

"आलं," मी म्हणाले. "आपलं सगळं जाळून टाकलंय त्याने, आई. काही ठेवलं नाही."

आई खाली बसली. "बरं," म्हणाली, आणि तो गार, साय धरलेला चहा तिने एका दमात पिऊन टाकला.

मी डोळे पुसले आणि लिहिलं, "मेंढ्या हव्या असतील तर पत्ता दे. स्वतः आणून देते. तुझी भांडीही घासते." मग माझी चाल पाठवली.