परत आलेले चमचे

आमच्या दुकानाला ना शटर ना पाटी. स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल, एक मोबाइल आणि माझे सासरे, एवढाच पसारा. चाळीस वर्षं सुतारकाम करून सासरे घरी बसले, पण बसतील तर ना! घरातल्या प्रत्येक दाराची कडी तीन-तीनदा दुरुस्त झाल्यावर मी वैतागून म्हटलं, "बाबा, त्यापेक्षा लाकडी चमचे करा, मी ऑनलाइन विकते." त्यांनी केले. दांड्यावर अंगठा जिथे टेकतो तिथे ते पटाशीने छोटीशी खोबण करत, आणि लोक त्या खोबणीसाठीच चमचा घेत. दुकानाच्या पानावर मी त्यांच्या हातांचा फोटो टाकला होता. तोंडाचा काढायला गेले तर म्हणाले, "लोकांना चमचा घ्यायचाय, जावई नाही."

मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एखादी खोबण वाकडी झाली की ते अंघोळीला गेल्यावर मी काचकागद घेऊन ती सारखी करायचे आणि खोकं बंद करायचे. एकदा पकडले गेले. "तू कधीपासून सुतार झालीस?" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पुन्हा करणार नाही असं मी कबूल केलं. आणि करत राहिले.

मग एक पार्सल परत आलं. आत एक हलका, कडा फाटलेला चमचा, खोबण नावापुरती. सोबत चिठ्ठी: 'हाताने केलेला म्हणून घेतला. थोडी लाज बाळगा.' हा आमचा चमचाच नव्हता. शोधाशोध केली तेव्हा कळलं, कोण्या भामट्याने आमचं अख्खं पान उचललं होतं. बाबांच्या हातांचा फोटो, मी लिहिलेलं वर्णन, आणि 'पसंत न पडल्यास या पत्त्यावर परत पाठवा' ही ओळसुद्धा, आमच्या पत्त्यासकट. कचरा विकायचा त्याने आणि निस्तरायचा आम्ही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार केली, तर 'आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे' असं उत्तर आलं. पुन्हा केली, पुन्हा तेच. भिंतीशी भांडले असते तर निदान मन तरी मोकळं झालं असतं.

बाबांना सांगितलं नाही. स्वतःचे हात चोराच्या दुकानात बघून त्यांना काय वाटेल, म्हणून मी मूग गिळून बसले. एकामागून एक अशी एकूण सात पार्सलं आली, ती मी पलंगाखालच्या पेटीत कोंबली. याहून मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केलेला नाही.

मंगळवारी बाजारातून आले तर बाबा जमिनीवर बसले होते. पुढ्यात सात चमचे, सात चिठ्ठ्या. एकेका खोबणीवरून अंगठा फिरवत होते.

"इतके परत आले?"

"बाबा, हे तुमचे नाहीत. कोणीतरी आपला फोटो चोरून..."

"माझे नाहीत तर लपवलेस कशाला?"

मी मोबाइलवर चोराचं पान काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. "हे तर माझेच हात."

"हात तुमचे, चमचे त्याचे! लाकूड बघा की, आपलं असं असतं का?"

"आता डोळ्यांचाही भरवसा नाही गं," ते म्हणाले. "तू मनाने चांगली आहेस. पण काचकागद रोज थोडा झिजतो, ते मला दिसतं."

मला रडू फुटलं. त्यांना तो कबुलीजबाब वाटला.

पुढचे अकरा दिवस ते त्या भामट्याचे चमचे सुधारत बसले. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचे आणि पटाशी टेकवायचे. दोनदा अंगठा कापला. मी जवळ गेले की म्हणत, "लांब बस." सातही चमचे त्यांनी मला त्या-त्या गिऱ्हाइकाकडे परत पाठवायला लावले, प्रत्येकासोबत चिठ्ठी: 'चूक माझी होती. माफ करा.' मग हत्यारं जुन्या सदऱ्यात बांधून माळ्यावर टाकली. "दुकान बंद कर," म्हणाले. "या वयात लोकांना फसवायचं नाही."

आठवड्याने चोराच्या पानावर पाच तारे उमटले. 'कारागिराने स्वतः चमचा सुधारून पाठवला. खोबणीत अंगठा असा बसतो की खाली ठेववत नाही. असा प्रामाणिक दुकानदार शोधून सापडणार नाही.' खाली आणखी दोघांनी तसंच लिहिलेलं. मी दात-ओठ खात वाचत होते, तेवढ्यात बाबांनी विचारलं, "काही कळलं का त्या लोकांचं?"

मी वाचून दाखवलं. कुठे लिहिलंय ते तेवढं सांगितलं नाही.

ते ऐकत राहिले. उजवा हात मांडीखाली दाबलेला होता. "म्हणजे शेवटचे तरी नीट झाले," म्हणाले.

"हो बाबा."

संध्याकाळी मी आमचं पान बंद केलं. त्यांच्या हातांचा फोटो आता फक्त त्या चोराच्या दुकानात आहे.