पिवळा फॉर्म

माझी पोरगी सतरा वर्षांची, आणि तिला जहाजाची इंजिनं शिकायला जायचंय. दोन वर्षं! पिवळ्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती, आज पाचच्या आत. आठ दिवस मी टाळाटाळ केली. आज सकाळी तर फॉर्म सरळ छापखान्यात आणला आणि शिवायच्या कागदांच्या एका घडीत सारून दिला. हरवला म्हणायचं, विषय संपला.

मी बाइंडर, हाताने पुस्तकं शिवते. सध्या कवितांचं पुस्तक चाललंय, सगळ्या कविता घर सोडून जाणाऱ्या मुलांवर. त्या निवडणारे सर समोरच बसले होते. "वाचा बाई, डोळ्यांत पाणी येईल."

शिवता शिवता वाचलं. पाणी कसलं, डोकंच फिरलं! एकीत पोर पाखरू, दुसरीत पतंग, तिसरीत होडी. आईबाप दारात उभे, मुकाट्याने हात हलवतायत. अहो, भांडण कुठंय? आमच्याकडे आठ दिवस भांडी आपटतायत! आणि चाळीस कवितांत एक पोर तोंड उघडेल तर शपथ. रागाच्या भरात हात चालत राहिला, गठ्ठा कधी संपला कळलंच नाही.

चार वाजता पोरगी दारात. "आई, सही?"

"हरवला फॉर्म."

वाटलं, आता आकांडतांडव. पण ती हळूच म्हणाली, "तुला भीती वाटते ना? मलापण वाटते. तरी जायचंय मला."

आठ दिवसांत हे वाक्य मी तिला बोलूच दिलं नव्हतं. मेल्या कवितांना नावं ठेवत होते, आणि मी तरी काय वेगळं करत होते?

उठले आणि शिवलेल्या प्रती एकेक करून चाळायला लागले. अकराव्या प्रतीत पतंग आणि होडीच्या मधे पिवळा कागद दिसला. चांगले पाच टाके बसले होते. मी सुरी उचलली.

सर किंचाळले, "बाई, पुस्तकाची वाट लावताय!"

"सर, माझी पोरगी तुमच्या कवितांत शिवली गेलीय. आधी तिला बाहेर काढते. पुस्तक मग परत शिवून देईन."

दोरा कापला, फॉर्म काढला, सही ठोकली. पोरगी कडेच्या भोकांवरून बोट फिरवत म्हणाली, "ऑफिसात विचारलं तर?"

"सांग, आईनेच शिवलं, आईनेच उसवलं. आणि मी काही दारात उभी राहून हातबित हलवणार नाही. बंदरापर्यंत भांडत येणार आहे."