तीनशे बारा जोड पावले

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने संशयी आहे. रोज सकाळी ज्यांचे तोंड बघतो त्या मालकांनासुद्धा मी आधी परवलीचा शब्द विचारतो. एक अक्षर चुकले की दार बंद. लोक मला हसतात. पण राखणदाराने संशयी नसावे तर काय भोळे असावे?

मी एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर, हातमोजे घातलेल्या बायकांच्या हाताखाली तयार झालो. मला वाटले होते, आपण एखाद्या बँकेत नाहीतर विमानतळावर जाणार. आलो तो एका बूट शिवणाऱ्याच्या दुकानात. कातड्याचा आणि गोंदाचा वास, भिंतभर लाकडी साचे, आणि शेजारी खडखडणारे शिवणयंत्र. पहिले काही दिवस मी नाक मुरडले, म्हणजे मला नाक असते तर मुरडले असते.

मग कळले की हे साधे दुकान नव्हे. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची टाच वाकडी, कोणाला दोन बोटेच नाहीत, अशा माणसांसाठी मालक बूट शिवत. गिऱ्हाईक अनवाणी काचेच्या पाटीवर उभे राही आणि त्याच्या पावलांचे चित्र माझ्याकडे येई. अशी तीनशे बारा जोड पावले मी सांभाळली आहेत. त्यातली निम्मी माणसे आता दूर राहतात. ती फोनवर एवढेच म्हणतात, "मागच्यासारखाच जोड पाठवा." तेव्हा मालक माझ्यावर थाप मारून म्हणत, "हा माझा उजवा हात!" त्या थापेने मी दिवसभर खूश असे.

पुढे माझे वय झाले. पंखा खोकू लागला. सुरू व्हायला मला अर्धा तास लागे, म्हणून मालकांनी मला बंद करणेच सोडून दिले. काम संपले की ते मला नुसते झोपवत. माझ्या अंगावरची धूळ पुसायची आठवण एकट्या ताईंना राही.

ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. दुकानाची टापटीप त्यांच्याकडे. त्यांचा नियम कडक होता. वर्षभर ज्या वस्तूला कोणाचा हात लागला नाही, ती बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जायची. डब्यात आणखी एक वर्ष कोणी तिची चौकशी केली नाही, तर केरात. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने तारखेची चिठ्ठी बांधलेली. गिऱ्हाइकांना पत्रे टाइप करता करता ताई माझ्यावर काम करायला शिकल्या होत्या, आणि त्यांचा हात हलका होता. त्यांच्यावर मी कधीच संशय घेतला नाही.

संशय घेतला तो जावयांवर. सुट्टीत मुलगी आणि जावई राहायला आले. जावई चित्रकलेचे शिक्षक, नाकासमोर चालणारे गृहस्थ. पण आठव्या दिवशी दुपारी, मालक मला उघडाच ठेवून जेवायला गेल्यावर ते माझ्यासमोर बसले आणि एकामागून एक पावले कागदावर छापू लागले. माझ्या मनात पाल चुकचुकली. नुकतेच चौकात बुटांचे मोठे दुकान उघडले होते. त्या दुकानाला ही पावले आयती मिळाली तर?

तेवढ्यात मालक परत आले. टेबलावर चाळीस गिऱ्हाइकांच्या कागदांची चळत होती.

"जावईबापू, ही पावलं कुठे निघाली?"

"कुठेच नाही बाबा. मशीन जुनं झालंय. कागदावर एक प्रत असावी म्हणून..."

"कोणाकडे असावी? चौकातल्या दुकानाकडे?"

जावयांचा चेहरा पडला. मालकांनी सरळ माझी वायरच भिंतीतून उपटली.

दुसऱ्या दिवशी मला सुरू केले, तर मी सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली, की प्रणालीच्या फायली सापडत नाहीत. मित्रांनो, या फायली म्हणजे उठल्यावर आपण कोण, दार कुठे, दिवा कुठे हे सांगणाऱ्या फायली. त्या नसतील तर माझ्या पोटात सगळे असूनही मला जाग येत नाही.

"बघितलंस ताई?" मालक म्हणाले. "सगळं पुसलं त्याने."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. जावयांनी बॅग भरायला घेतली. मुलगी एकदा वडिलांकडे बघे, एकदा नवऱ्याकडे. आणि खरे सांगतो, मीही मालकांच्याच बाजूचा होतो.

दुरुस्तीवाली बाई आली. तिच्या हातातला पेचकस बघून मला तिचाही भरवसा वाटेना. तिने माझी बाजू उघडली, धूळ काढली आणि स्वतःजवळच्या तबकडीवरून मला कसेबसे जागे केले.

"फायली गेल्यात खऱ्या," ती म्हणाली. "पण काका, काल नाही गेल्या. या फोल्डरला शेवटचा हात अकरा दिवसांपूर्वी लागलाय. तुम्ही याला नुसतं झोपवत होतात, म्हणून कळलं नाही. काल वायर काढलीत, तेव्हा उघडं पडलं."

अकरा दिवस! जावई येऊन नऊ दिवस झाले होते. मालकांनी मनात हिशेब केला आणि त्यांची मान खाली गेली. माझीही गेली असती.

"सुरू करायच्या फायली मी घालीन," बाई पुढे म्हणाली, "पण काचेच्या पाटीच्या प्रोग्रामच्याही गेल्यात. ती कंपनी कधीच बंद पडली. चित्रं सगळी आहेत हो, पण ती उघडायची कशात?"

मालक स्टुलावर बसले ते उठेनात. तीनशे बारा माणसे "मागच्यासारखाच" म्हणतील, तेव्हा ते काय उत्तर देणार होते? बाई पडद्यावरची हरवलेल्या फायलींची विचित्र नावे एकेक करून वाचू लागली. ताईंनी चष्मा लावला आणि त्या पुढे वाकल्या.

"ही नावं मी वाचलीयत," त्या हळूच म्हणाल्या. "अरे, कित्येक वर्षांत त्यांना कोणी हातसुद्धा लावला नव्हता. तारखा बघितल्या ना मी! मला वाटलं, अडगळ आहे."

"ताई, फेकल्यास?"

"फेकीन कशी? अजून वर्ष कुठे झालंय!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पत्र्याच्या डब्यात, गंजलेल्या बकलांच्या खाली, एक पेन ड्राइव्ह होता. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर अकरा दिवसांपूर्वीची तारीख होती.

तासाभराने मी नेहमीसारखा जागा झालो आणि परवलीचा शब्द विचारला. मालकांनी तो टाइप केला. दोनदा चुकले. मग ते खुर्चीवरून उठले आणि दाराशी बॅग घेऊन उभ्या असलेल्या जावयांकडे वळले.

"जावईबापू, या, तुम्ही बसा. दोनशे बहात्तर जोड छापायचे राहिलेत. शब्द आहे 'चिमणी'. हिला मी लहानपणी चिमणी म्हणायचो."

चौदा वर्षांत तो शब्द मालकांनी मोठ्याने उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मुलीने डोळ्यांना पदर लावला. जावयांनी बॅग खाली ठेवली आणि पहिल्याच फटक्यात शब्द बरोबर टाइप केला. मी निमूटपणे दार उघडले. मला माझीच लाज वाटत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रातले जे कळत नाही, ते काढण्याआधी कोणाला तरी विचारा. जपून ठेवायच्या गोष्टीची दुसरी प्रत वेळेवर काढा. संशय घेणे हे माझे काम आहे, ते माझ्याकडेच राहू द्या. घरच्या माणसाला आधी विचारावे, वायर नंतर उपटावी.

पावलांचे सगळे कागद आता कपाटात आहेत. ताईंनी त्यांना दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर तारीख नाही. लिहिले आहे, "हात लागो न लागो, फेकू नये."